मुक्या सोबत्याचे ताट : भाजी कोणती, किती आणि कशी?

शेवटची भाकरी कुत्र्याची, ही आपल्या घरांतील जुनी रीत. पहिली गाईला, शेवटची कुत्र्याला आणि मधल्या घरच्यांना. ती भाकरी खाणारा कुत्रा त्या काळी दिंडीदरवाजाबाहेर किंवा पेढीच्या पायरीशी बसलेला असे. त्याचे पोट त्या एका भाकरीवर अवलंबून नसे. चार घरे आणि सारा बाजार हिंडून तो उरलेले अन्न मिळवी. आज तोच प्राणी चौथ्या मजल्यावरील सदनिकेत आपल्यासोबत राहतो. आपण दार उघडल्याशिवाय त्याला जिनाही दिसत नाही. दिवसभरात त्याच्या मुखी जे जाते ते बहुतेक सारे आपल्या हातचे असते, आणि म्हणून त्याच्या प्रकृतीचे बरेवाईटही आपल्याच पदरी येते.

कुत्रा पाळणाऱ्या आपल्या कुटुंबांतून एक प्रश्न वारंवार कानी येतो. घरात सामिष अन्न येऊ द्यायचे नाही, हे ठरलेले आहे. मग कुत्र्याला आपल्याच स्वयंपाकातील भाजी दिली तर चालेल का, आणि कोणती? उत्तर ‘चालेल’ असेच आहे. पण त्या ‘चालेल’च्या मागेपुढे सांगण्यासारखे पुष्कळ आहे, आणि त्यातील काही गोष्टी न सांगता राहिल्या तर मायेने दिलेला घासच जिवावर बेतू शकतो.

प्रथम एक समजूत दूर केली पाहिजे. जे आपल्या ताटाला चालते ते त्यालाही निर्धोक, आणि जे आपल्याला वर्ज्य ते त्यालाही अपायकारक, असे अनेक घरांत गृहीत धरले जाते. पहिल्याच उदाहरणात या समजुतीला बळकटी मिळते, कारण कांदा आणि लसूण आपल्याकडे वर्ज्य आहेत आणि कुत्र्याला ते खरोखरच विषारी आहेत. पुढे मात्र दोन्ही याद्यांच्या वाटा वेगळ्या होतात. गाजर कंदमूळ आहे. कुत्र्याच्या शरीराला त्याचा काही अपाय नाही. द्राक्ष, मनुका आणि बेदाणा यांना आपल्या स्वयंपाकघरात मानाचे स्थान आहे. कुत्र्याच्या मूत्रपिंडांना ती घातक आहेत. आपले भक्ष्याभक्ष्य जीवहिंसेच्या विचारातून ठरले आहे. कुत्र्याला काय सोसते हे त्याचे रक्त, यकृत आणि मूत्रपिंडे ठरवतात. दोन्ही याद्या काही ठिकाणी जुळतात, हा योगायोग आहे. त्या योगायोगावर विसंबून राहू नये.

कांदा-लसणाचेच पाहू. या वर्गातील गंधकयुक्त द्रव्ये कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशींना इजा करतात; पेशी फुटू लागतात आणि रक्तक्षय होतो. शिजवल्याने, तळल्याने किंवा वाळवून पूड केल्याने हा दोष जात नाही. पुडीत तर तो एकवटतो. शरीराच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याइतका कांदा एका वेळी पोटात गेला तर विषबाधा संभवते, असे पशुवैद्यकात मानले जाते. दहा किलोच्या कुत्र्याला हे प्रमाण सुमारे ५० ग्रॅम पडते, म्हणजे मध्यम आकाराचा अर्धा कांदा. लसूण त्याहून तीव्र आहे. फसवे असे की लक्षणे त्याच दिवशी दिसतीलच असे नाही. दोन-चार दिवसांनी कुत्रा मलूल होतो, हिरड्या पांढुरक्या किंवा पिवळसर दिसतात, लघवी काळ्या चहासारखी होते; आणि तोवर ‘त्याने परवा काय खाल्ले होते’ हे कोणाच्याही लक्षात राहिलेले नसते.

आमच्या घरात कांदा-लसूण येतच नाही, असे आपण म्हणाल. ते खरे आहे. पण कुत्रा घराबाहेरही जातो. त्याला फिरवायला नेणारा मुलगा वडापाव खाता खाता एक तुकडा त्याच्यापुढे टाकतो, आणि त्या तुकड्याला लसणाची चटणी लागलेली असते. बाहेरून आलेल्या वेफर्सवर, तयार मसाल्यांत आणि पावभाजीत पूड असतेच. गोचीड जाण्यासाठी रोज लसणाची पाकळी द्या, असे सांगणारे शेजारी आणि श्वानशिक्षकही भेटतात. त्यांचा सल्ला नम्रपणे ऐकून सोडून द्यावा. गोचिडांवर पशुवैद्याकडे चांगली औषधे आहेत.

आता द्राक्षांकडे वळू. आपल्या समाजापुरते बोलायचे तर कांद्यापेक्षाही याच गोष्टीची भीती मोठी आहे. आपल्या घरांत सुका मेवा किती ठिकाणी असतो, याचा एकदा हिशेब करून पाहावा. दिवाळीत आलेले मेव्याचे डबे महिनाभर दिवाणखान्यातील ठेंगण्या मेजावर असतात, बरोबर कुत्र्याच्या नाकाच्या उंचीवर. प्रवचनानंतरच्या प्रभावनेत मिळालेले पाकीट मुलांच्या खिशात असते. शिऱ्यात, खिरीत, लाडवात बेदाणा असतो. सांगली-तासगावकडील अनेक कुटुंबांचा तर व्यापारच बेदाण्याचा. सौद्याच्या वेळी जमिनीवर बेदाणा सांडतोच, आणि गोदामाच्या राखणीला कुत्राही असतो.

द्राक्षाने काही कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी होतात, हे पशुवैद्यांना वीसेक वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहे. कारण मात्र उमगत नव्हते. एक कुत्रा मूठभर खाऊनही ठणठणीत राही, दुसरा थोड्याशा द्राक्षांनी दगावे. अमेरिकेतील प्राण्यांच्या विषबाधेसंबंधी सल्ला देणाऱ्या केंद्रातील पशुवैद्यांना याचा धागा एका अनपेक्षित ठिकाणी सापडला. मुलांना खेळण्यासाठी घरी बनवलेला कणकेसारखा रंगीत गोळा एका कुत्र्याने खाल्ला आणि त्याची मूत्रपिंडे द्राक्षाच्या विषबाधेप्रमाणेच बिघडली. त्या गोळ्यात ‘क्रीम ऑफ टार्टर’ होते, म्हणजे टार्टारिक आम्लाचा क्षार. द्राक्षातही हेच आम्ल भरपूर असते. आणि जात, हवामान, पिकण्याची अवस्था यांनुसार त्याचे प्रमाण पुष्कळ बदलते. २०२१ मध्ये त्यांनी हा तर्क मांडला आणि २०२२ मध्ये त्याच्या पुष्ट्यर्थ आणखी रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. एक द्राक्ष सोसले आणि दुसरे सोसले नाही, याचा उलगडा त्यातून बऱ्याच अंशी होतो.

महाराष्ट्रातील वाचकांनी लक्षात ठेवावी अशी गोष्ट त्या नोंदीतच पुढे आहे. त्या रुग्णांत चिंच खाऊन मूत्रपिंडे बिघडलेले कुत्रेही होते. चिंचेत टार्टारिक आम्ल विपुल असते. म्हणजे आमटीत चिंचेचा कोळ घालणाऱ्या घरांत उरलेल्या आमटीत भात कालवून तो कुत्र्यापुढे ठेवण्याची जी सोय आहे, तीही बंद करावी लागेल. चिंच-गुळाची चटणी आणि चिंचेच्या गोळ्या यांनाही हेच लागू. किती खाल्ल्याने धोका नाही, असे सुरक्षित प्रमाण ठरलेले नाही. तेव्हा द्राक्ष, मनुका, बेदाणा आणि चिंच यांचा कणही देऊ नये. चार किलो द्राक्षांचा सुमारे एक किलो बेदाणा होतो, हे व्यापाऱ्यांना सांगायला नको. विषही त्याच हिशेबाने दाटते.

वर्ज्य वस्तूंबद्दल इतके लिहिल्यावर आता वाडग्यात काय घालता येईल ते पाहू.

या कामी लाल भोपळ्यासारखी दुसरी भाजी नाही. साल आणि बिया काढून उकडलेला, काहीही न घातलेला भोपळा बहुतेक कुत्रे आवडीने खातात. त्यातील तंतू शौचाला नीट करतात, आणि गाजरातून मिळणारे कॅरोटिन त्यातूनही मिळते. कुत्र्याचे शरीर या कॅरोटिनपासून अ जीवनसत्त्व तयार करू शकते. तेव्हा ज्या घरात गाजर येत नाही त्या घरातील कुत्र्याचे काही अडत नाही. फरसबी तितकीच चांगली. वजन वाढलेल्या कुत्र्याला तर विशेष, कारण पोट भरते आणि उष्मांक फारसे वाढत नाहीत. दुधी, दोडका, घोसाळे, कोवळी काकडी, मटार यांपैकी घरात असेल ते द्यावे. दुधी आणि काकडीची चव मात्र देण्यापूर्वी आपण स्वतः घेऊन पाहावी. कडू लागली तर ती फेकून द्यावी. कडूपणा आणणारे द्रव्य माणसालाही बाधते, आणि उकडल्याने ते जात नाही. कोबी-फुलकोबी थोडी आणि शिजवूनच, नाहीतर वायू धरतो. आणि तो धरल्याचे साऱ्या घराला कळते. पालकात ऑक्झलेट असते, म्हणून तो क्वचित. ज्या कुत्र्याला मुतखड्याचा त्रास झाला आहे त्याला अजिबात नको. टोमॅटो पिकलेला असेल तर त्याचा गर चालतो, हिरवा टोमॅटो आणि त्याची पाने चालत नाहीत. राजमा कधीही कच्चा किंवा अर्धवट शिजलेला देऊ नये.

भाजी शिजवून, मऊ करून किंवा बारीक कुटून का द्यायची, याचे कारण कुत्र्याच्या तोंडात आहे. आपण चावून चावून खातो आणि आपल्या लाळेतच पिष्ट पचवायला सुरुवात होते. कुत्र्याच्या लाळेत ते काम होत नाही. तो घास तोडतो आणि गिळतो. भाजीच्या पेशींभोवतीचे कठीण आवरण त्याला फोडता येत नाही, त्यामुळे कच्च्या भाजीचे मोठे तुकडे जसे गेले तसेच बाहेर पडतात. काकडी किंवा गाजराचा तुकडा विरंगुळा म्हणून चघळायला दिला तर हरकत नाही; मात्र पोषण मिळावे अशी इच्छा असेल तर उकडून कुस्करावी.

स्वयंपाकाची एक शिस्त लावून घेतली तर निम्मी काळजी मिटते. फोडणी देण्यापूर्वी, मीठ, तिखट आणि आंबट घालण्यापूर्वी त्याचा वाटा वेगळा काढावा. आपल्या घरांत रांधणाऱ्या महाराजांना किंवा बाईंना हे एकदा नीट समजावून सांगितले की त्यांच्या हाताला ते वळण पडते. उलट, जेवण आटोपल्यावर पातेली निपटून जे उरेल ते कुत्र्याला, ही पद्धत सोडावी. तिच्यात मीठ, तेल आणि तूप सारेच आले. आपल्या घरातील तूप सढळ असते. आणि अति स्निग्ध खाण्याने कुत्र्याच्या स्वादुपिंडाला सूज येते, तो ओकतो, पोट धरून वाकतो, कधी त्यातून उठतही नाही. साजूक तुपातला लाडू हा त्याच्यावरील प्रेमाचा पुरावा मानणाऱ्या आजी-आजोबांना हे सांगणे कठीण जाते, याची कल्पना आहे. सांगावे मात्र लागेल.

प्रमाणाचा नियम सोपा आहे. मुख्य आहाराबाहेर जे काही वरचेवर दिले जाते, त्यात भाजी, बिस्किट, फळ सारे आले, ते दिवसभराच्या उष्मांकांच्या दहा टक्क्यांपलीकडे जाऊ नये. दहा किलो वजनाच्या, साधारण हालचाल करणाऱ्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला सहाशेच्या आसपास उष्मांक लागतात. भाजीत उष्मांक कमी असल्याने हिशेबात ती पुष्कळ बसेल, पण तंतूंनी पोट बिघडेल. तेव्हा अशा कुत्र्याला उकडलेल्या भाजीचे दोन-तीन मोठे चमचे पुरेत. नवी भाजी एका वेळी एकच, आरंभी एक चमचा. दोन दिवस शौच नीट राहिली तर पुढे चालू ठेवावी.

येथे आपल्या घरांतला एक खास प्रश्न येतो. अष्टमी, चतुर्दशीला किंवा पर्युषणाच्या दिवसांत अनेक घरांत हिरवी भाजी आणली जात नाही. मग कुत्र्याचे काय? भाजी हा त्याच्या आहाराचा लहानसा भाग असेल, तर ती काही दिवस नसल्याने काहीच बिघडत नाही. बाकीचा आहार नेहमीचा ठेवावा. त्या दिवसांत मुद्दाम नवा पदार्थ सुरू करू नये, कारण आहार बदलायचा तो आठवडाभरात थोडा थोडा बदलावा. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपणाऱ्या घरांत कुत्र्यालाही त्याच वेळी वाढले जाते. प्रौढ, निरोगी कुत्र्याला दिवसातून दोन जेवणे पुरतात, त्यामुळे तेही ठीक. लहान पिलांची गोष्ट वेगळी. त्यांना तीन-चार वेळा लागते, आणि फार लहान जातीची पिले रात्रभर उपाशी राहिली तर त्यांच्या रक्तातील साखर धोकादायक रीतीने उतरू शकते.

पाणी मात्र कोणत्याही नियमात बसवू नये. उकळून गार केलेले पाणी त्याला उत्तम चालते. परंतु सूर्यास्तानंतर भांडे उचलून ठेवणे योग्य नाही. आपला चौविहार आपण समजून-उमजून घेतलेला असतो. त्याने पच्चक्खाण घेतलेले नाही. उपवासाचेही तेच. आश्रित प्राण्याचे अन्नपाणी अडवणे, ज्याला शास्त्रकारांनी अन्नपाननिरोध म्हटले आहे, तो अहिंसाव्रताच्या अतिचारांत गणलेला आहे, हे वाचकांना ठाऊक आहेच. त्या एका शब्दाचा अर्थ ‘उपाशी ठेवणे’ एवढाच घ्यायचा, की ‘पोट भरले तरी शरीराला हवे ते न मिळू देणे’ हेही त्यात येते? प्रस्तुत लेखकाला दुसरा अर्थ अधिक पटतो, आणि पुढचा विषय त्याचाच आहे.

भाजी हा कुत्र्याचा पूर्ण आहार होऊ शकत नाही. भाजी-भात, दूध-पोळी एवढ्यावर वाढलेली कुत्री आपल्या घरांत पुष्कळ आहेत. ती शेपूट हलवतात, दारावर भुंकतात, म्हणून सुखात आहेत असे वाटते. परंतु दूध-पोळीत प्रथिने अपुरी, चुन्याचे आणि स्फुरदाचे प्रमाण विस्कटलेले, जस्त कमी. प्रौढ कुत्र्यांपैकी अनेकांना दुधातील साखर पचतही नाही. त्यापेक्षा दही-ताक बरे. कुत्र्याला उन्हात बसून त्वचेतून पुरेसे ड जीवनसत्त्व मिळवता येत नाही, ते अन्नातूनच यावे लागते. ब-१२ भाजीत आणि डाळीत नसतेच. हे सारे एकदम दिसत नाही. केस निस्तेज होतात, कातडी खरखरीत होते, पिलांचे पाय वाकतात, आणि आपण ‘जातच तशी आहे’ म्हणून मोकळे होतो.

मग कुत्र्याला शाकाहारी ठेवताच येत नाही का? येते, पण ते विचारपूर्वक करावे लागते. कुत्रा लांडग्याचा वंशज असला तरी माणसाच्या सहवासात त्याच्यात मोठा बदल झाला आहे. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिले की पिष्ट पचवणाऱ्या विकराच्या जनुकाच्या लांडग्यात सहसा दोनच प्रती असतात, तर कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत. आपल्या भाकरीने त्याची आतडी बदलली, असे म्हटले तरी चालेल. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात शर्यतीत बर्फगाडी ओढणाऱ्या बारा सायबेरियन हस्कींपैकी निम्म्यांना सोळा आठवडे मांसविरहित आहार दिला होता. त्यांच्या रक्तातील तांबड्या पेशी आणि हिमोग्लोबिन व्यवस्थित राहिले. मात्र तो आहार स्वयंपाकघरात अंदाजाने केलेला नव्हता. मका आणि सोयाबीन यांच्या प्रथिनांतून घटक मोजून सिद्ध केलेला होता. बारा कुत्री आणि सोळा आठवडे, यावरून जन्मभराचा निष्कर्ष काढता येणार नाही, हेही खरे.

व्यवहारात याचा अर्थ असा. बाजारात मिळणाऱ्या शाकाहारी श्वानखाद्यांपैकी जे ‘पूर्ण आणि संतुलित’ आहार म्हणून विकले जाते, ते मुख्य अन्न ठेवावे. नुसते ‘पूरक’ किंवा ‘खाऊ’ असे लिहिलेले नव्हे. पाकिटावरील घटकांची यादी वाचावी. त्यात बटाटा, गाजर, बीट ही कंदमुळे असतात, तेव्हा ज्यांना ती घरात नको असतील त्यांनी विकत घेण्यापूर्वीच पाहावे. धान्य अजिबात नसलेल्या आणि मटार-मसूर यांवर आधारलेल्या खाद्यांबाबत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये सावधगिरीची सूचना दिली होती. असे खाद्य खाणाऱ्या काही कुत्र्यांत हृदय प्रसरण पावण्याचा विकार आढळला होता. त्या दोहोंतील कार्यकारणभाव सिद्ध झालेला नाही, तरी भात किंवा गहू असलेले खाद्य निवडणे शहाणपणाचे. घरीच शिजवायचे असेल तर वरण-भात, पनीर, दही आणि भाजी यांच्या जोडीला जीवनसत्त्वे आणि क्षार किती द्यायचे, हे पशुवैद्याकडून लिहून घ्यावे आणि वर्षातून एकदा रक्त तपासावे. वाढत्या पिलाला आणि गाभण कुत्रीला घरगुती शाकाहारावर ठेवण्याचा प्रयोग करू नये. ज्यांना एवढे करणे जमणार नाही त्यांनी कुत्रा आणण्यापूर्वीच हा विचार करावा, असे स्पष्टपणे सुचवावेसे वाटते.

मांजरीविषयी दोनच वाक्ये. तिचे शरीर अ जीवनसत्त्व कॅरोटिनपासून बनवू शकत नाही, टॉरिन पुरेसे तयार करू शकत नाही, आणि तिला घरच्या शाकाहारी अन्नावर ठेवले तर तिची दृष्टी आणि हृदय दोन्ही जाण्याची भीती असते. ज्या घराला सामिष अन्न शिवायचे नाही त्या घराने मांजर पाळू नये.

काही किरकोळ दिसणाऱ्या वस्तूंनीही अनर्थ होतो. पावसाळ्यात कणीस खाऊन झाल्यावर उरलेला दांडा कुत्रा पळवतो. त्याचा तुकडा आतड्यात अडकला की शस्त्रक्रियेवाचून इलाज नसतो. मे महिन्यात आंब्याच्या कोयीचेही तसेच. साखर नसलेल्या च्युइंगममध्ये आणि मधुमेह्यांसाठीच्या काही गोड पदार्थांत झायलिटॉल नावाचे द्रव्य असते. त्याने अर्ध्या-एक तासात कुत्र्याची रक्तशर्करा कोसळते, पुढे यकृतही बिघडू शकते. घरात कोणी मधुमेही असेल तर त्यांच्या पिशवीकडे लक्ष ठेवावे. चॉकलेट तर बहुतेकांना ठाऊक आहे. जितके काळे आणि कडू तितके वाईट. यीस्ट घालून फुगायला ठेवलेले मैद्याचे पीठ पोटात फुगते आणि त्यात मद्यार्कही तयार होतो.

आता दुकानासमोरच्या कुत्र्यांविषयी, कारण आपल्यापैकी अनेकांचे नाते घरच्यापेक्षा त्यांच्याशीच जुने आहे. १८३२ मध्ये मुंबईत भटकी कुत्री मारण्याच्या कंपनी सरकारच्या मोहिमेविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले. त्यात पारशी समाज पुढे होता. दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जीजीभॉय आणि शेठ अमिचंद शहा यांच्या पुढाकाराने मुंबई पांजरापोळ उभी राहिली. भुलेश्वरच्या गर्दीत आज तिथे गाई दिसतात, पण तिची सुरुवात कुत्र्यांच्या कणवेतून झाली, हे फारसे कोणाला आठवत नाही. त्या कणवेचा आजचा अवतार बिस्किटाच्या पुड्यात उरला आहे. सकाळी दुकान उघडताना पुडा फोडायचा आणि पायरीवर टाकायचा. साखर आणि मैदा यांखेरीज त्यात फारसे काही नाही. त्याच खर्चात मऊ भात, शिजवलेले बिनमिठाचे वरण, त्यात कुस्करलेला भोपळा आणि थोडे दही एवढे सहज होते. लग्नाच्या पंगतीनंतर उरलेले अन्न पोत्याने आणून रस्त्यावर ओतण्याची प्रथाही थांबायला हवी. त्यात बेदाणा असतो, चिंच असते, तूप असते, आणि काजूकतलीच्या पाठोपाठ चांदीचा वर्ख आणि प्लास्टिकही असते. दुसऱ्या दिवशी गल्लीतले एखादे कुत्रे कोपऱ्यात ओकत पडलेले दिसते. त्याचा संबंध आदल्या रात्रीच्या दानाशी कोणी जोडत नाही.

नको ते पोटात गेलेच तर काय करावे, हे सांगून हे लेखन थांबवतो. लक्षणांची वाट पाहत बसू नये. द्राक्ष किंवा बेदाणा खाल्ल्यावर पहिल्या काही तासांतच उपचाराचा खरा उपयोग होतो. ओकारी काढण्यासाठी मिठाचे पाणी पाजू नये, त्याने मिठाचीच विषबाधा होते. दूध किंवा तूप पाजून विष उतरत नाही. थेट पशुवैद्याला दूरध्वनी करावा आणि चार गोष्टी सांगाव्यात : काय खाल्ले, अंदाजे किती, किती वाजता, आणि कुत्र्याचे वजन. पाकीट असेल तर सोबत न्यावे. वजन ऐन वेळी आठवत नाही, म्हणून महिन्यातून एकदा ते करून पशुवैद्याच्या रात्रीच्या क्रमांकाशेजारी लिहून ठेवावे. दुकानातील धान्याचा काटा या कामी अगदी पुरेसा आहे. कुत्र्याला त्यावर उभे करताना गिऱ्हाइके हसतील, तर हसू द्यावे.